आहेरात पाच तारे

मुलीच्या लग्नपत्रिकेवर मी छापून घेतलं होतं : 'कृपया आहेर आणू नये. त्याऐवजी आमच्या वातींच्या दुकानाला मोबाईलवर पाच तारे द्यावेत.' पाव्हणे आज्ञाधारक निघाले आणि दुकान बंद पडलं.

दुकान माझं नव्हतं, बायकोचं होतं. म्हणजे वाती तिच्या, कापूस निवडायची नजर तिची, पाकिटावरची फुलाची नक्षी तिची. ऑनलाइन कंपनीकडं नाव मात्र माझं. कारण नोंदणीच्या वेळी कागदपत्रं काढली तर हिच्या एका कागदावर माहेरचं आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचं. मी मोठ्या मनानं म्हणालो, घाल माझं. फोटोही माझाच लागला. त्यामुळं देवघरातल्या फुलवाती विकत घेऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या तमाम बायाबापड्यांना आधी माझ्या मिशा दिसायच्या. तरीही त्या घेत, यावरून वातींचा दर्जा लक्षात यावा.

आमच्या सेलूत कापसाचं कुणाला कौतुक नाही. हंगामात गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडं जायला लागल्या की रस्त्याकडेच्या बाभळींनाही कापूस लागतो. पण वातीला बायकोला तो चालत नाही. तिला अंगणातल्या झाडाचा देवकापूस लागतो. तो ती हातानं सोलते, सरकी काढते, बोटांनी पिंजते, आणि चिमूटभर विभूती लावून तळहातावर अशी वळते की बुडाला गोल फूल आणि वर टोकदार कळी. मी एकदा वळून पाहिली. ती वात समईत घातल्यावर तेल प्यायची, पेटायची मात्र नाही. तेव्हापासून माझ्याकडं पाकिटावर पत्ते चिकटवायचं काम आलं.

मी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. पत्ते चिकटवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

संध्याकाळी एक कार्यक्रम असायचा. बायको वाती वळत बसायची आणि लोकांनी दुकानाखाली काय काय लिहिलंय ते मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. तिला वाचता येत नाही असं नाही, पण हात विभूतीचे असायचे. नागपूरच्या कुणी लिहिलेलं असायचं, 'वात शेवटपर्यंत जळते, काजळी धरत नाही.' नाशिकच्या कुणी, 'सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या खरेदीला नाव ठेवलं नाही.' अशा वाक्याला बायको मान न उचलता म्हणायची, "परत वाचा." मी परत वाचायचो. नोकरीत माझ्याकडून कुणी काही परत वाचून घेतलं नव्हतं.

त्यात कोल्हापूरच्या एक बाई होत्या. वय झालेलं. त्यांनी लिहिलं होतं की हात थरथरतो, आता वळता येत नाही, पण या श्रावणात लाख वाती लावायचा नेम धरलाय. दर आठवड्याला पुरतील एवढ्या पाठवाल का? आम्ही फोन नंबर द्यायचा नाही, त्यांनी घ्यायचा नाही, असा कंपनीचा नियम. त्यामुळं तिथंच खाली बायकोनं माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं : 'पाठवते. काळजी करू नका.' त्या दिवसापासून घरातला निम्मा देवकापूस कोल्हापूरचा झाला. त्या टोपल्याला हात लावायची मला मनाई होती. शेजारणी मदतीला येत, त्यांनाही बायको सांगायची, "ह्या कोल्हापूरच्या हायेत, जरा सारख्या वळा." जशी काही ती बाई घरातलीच होती.

असं सगळं छान चालू होतं. छान चाललेल्या गोष्टीत मी लक्ष घालतो, हा माझा स्वभाव आहे.

झालं असं, की कंपनीच्या त्या पानावर आमच्या वर एक दुकान दिसायचं. त्याच्या वाती मशीनच्या, टोकाला चपट्या. पण तारे देणारे हजारो. आमचे देणारे मोजके, मनापासून लिहिणारे. मला ते बघवेना. आणि तेवढ्यात मुलीचं लग्न ठरलं.

आता आमच्याकडं पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं लाल अक्षरांत छापायची पद्धत आहे, आणि ते वाचून टॉवेल-टोपी, शाल-नारळ घेऊन यायचीही पद्धत आहे. लग्नानंतर घरात इतक्या टोप्या होतात की एवढी डोकी गावात नसतात. मी विचार केला, एवीतेवी लोक काहीतरी द्यायचंच म्हणतात, तर उपयोगाचं तरी द्यावं. छापणाऱ्यानं विचारलं, "तारे म्हंजे?" मी त्याला मोबाईल काढून दाखवलं. तो म्हणाला, "असं कुणी छापलं न्हाई अजून." मला वाटलं, कौतुकच करतोय.

बायकोनं पत्रिका पाहिली तेव्हा गठ्ठे घरी येऊन पडले होते. तिनं ती ओळ वाचली, माझ्याकडं पाहिलं आणि पत्रिकांना हळदीकुंकू लावायला बसली. ती बोलली असती तर मी ऐकलंही असतं कदाचित. पण मुलीच्या लग्नात आईला हजार कामं असतात आणि बापाला एकच असतं, ते म्हणजे चुका करणं.

देवगाव फाट्याजवळचं मंगल कार्यालय. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि माझ्या चुलतभावानं माईक हातात घेतला. पूर्वी आमच्याकडं कुणी किती आहेर केला ते माईकवरून पुकारायचे, आणि त्यात त्याचा हातखंडा. तोच गळा, तीच लकब. "मानवतच्या पाव्हण्यांकडून, पाच तारे! जिंतूरच्या मावशींकडून, पाच तारे! आणि त्यांच्या सुनेकडून येगळे पाच!" कंपनीत खातं काढलं की कुणीही तारे देऊ शकायचं, वात घेतलेली असो वा नसो. कार्यालयाचं वायफाय फुकट होतं, पासवर्ड स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला होता. लोक बुंदीचा हात पुसत होते आणि तारे देत होते. ज्यांना खातं काढता येईना त्यांना मी स्वतः खुर्चीला खुर्ची लावून काढून देत होतो. नवरी मंचावरून खुणा करून बोलवत होती, फोटो राहिले होते. मी हातानं 'आलोच' म्हणत होतो.

पोखर्णीचे माझे मामा, वयानं सगळ्यांत मोठे. त्यांच्या नातवाचा मोबाईल घेऊन त्यांनीही तारा दिला. एकच दिला. पुकारताना चुलतभाऊ अडखळला. मामा ठसक्यात म्हणाले, "पयला नंबर दिलाय. बाकीच्यांनी पाचवा दिला आसंल, मी न्हाई देनार." त्यांना समजावायला वेळ कुणाला होता? मी म्हणालो, राहू द्या, एवढ्या गर्दीत एक तारा कुणाला दिसतो.

संध्याकाळी वरात गेल्यावर, रडून झालेलं घर शांत बसलं होतं तेव्हा मी बायकोला वाचून दाखवायला घेतलं. फुलवातींच्या खाली लोकांनी लिहिलं होतं : 'जेवण उत्तम, मठ्ठा जरा पातळ.' 'वधूवरांस अनेक आशीर्वाद.' 'पंख्याची सोय करायला पाहिजे होती.' 'बुंदी गरम होती.' बायको डोळे पुसता पुसता हसायला लागली. मला वाटलं, योजना यशस्वी झाली.

चार-दोन दिवसांत कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, खाली मराठी भाषांतर. 'आपले खाते निलंबित करण्यात आले आहे.'

निलंबित! मी उभी नोकरी या एका शब्दाला भिऊन काढली. साहेबांच्या तोंडून तो बाहेर पडू नये म्हणून किती चहा पाजले, किती रविवार कचेरीत बसलो. एकदाही झालो नाही. आणि निवृत्त झाल्यावर, घरात बनियनवर बसलेलो असताना, झालो. ही बातमी शेजारच्या गल्लीत पोचता पोचता एवढीच उरली की साहेब सस्पेंड झाले. भाजीच्या गाड्यावर एकानं काळजीनं विचारलं, "पेन्शन तर चालू हाय ना?"

बायकोनं मात्र एकच विचारलं, "कोल्हापूरच्या बाईंचं काय?"

मी पाहिलं. दुकान उघडत नव्हतं. त्यांची मागणी दिसत नव्हती, नाव-पत्ता तर आम्हाला अजून दिसलाच नव्हता. पत्त्याचा कागद पाठवायच्या दिवशीच कंपनीकडून यायचा, आणि कोल्हापूरचा डबा अजून एकही गेला नव्हता. संध्याकाळी वाचायची ती सगळी वाक्यं, नागपूरची, नाशिकची, सगळी गेली होती. त्या बाईंना 'पाठवते' म्हणून लिहिलेला शब्दही गेला. कोपऱ्यात टोपलं तेवढं भरत आलेलं होतं. श्रावण फार लांब नव्हता.

"अपील करता येतं," मी म्हणालो. आणि खरं सांगायचं तर मला थोडा आनंदच झाला. अपील म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हणजे माझं राज्य. बसलो चष्मा लावून. 'प्रति, मा. सक्षम अधिकारी महोदय. विषय : खाते निलंबन रद्द करणेबाबत. संदर्भ : आपले दिनांक रोजीचे पत्र. महोदय, उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार हा' इथं त्या चौकटीतली जागा संपली. पुढं अक्षर उमटेना. बायको मागून वाकून बघत होती. "काय लिहायलाव?" म्हणाली. मी म्हणालो, प्रस्तावना. मग महोदय काढला, सविनय काढलं, उपरोक्त काढताना जीव जड झाला. शेवटी कसंबसं बसवलं की अर्जदाराने कोणताही गैरप्रकार केलेला नसून सर्व अभिप्राय उत्स्फूर्त आहेत.

पाठवलं आणि मोबाईल खाली ठेवला. ठेवतो न ठेवतो तोच उत्तर : 'आम्ही आपले अपील काळजीपूर्वक तपासले. आमच्या धोरणांचे उल्लंघन झाल्याने निर्णय कायम ठेवण्यात येत आहे.' तेवढ्या वेळात कचेरीत माझा चष्मा पुसून व्हायचा नाही, आणि यांनी काळजीपूर्वक तपासलं! मी दुसरं पाठवलं, तिसरं पाठवलं. तेच उत्तर, तीच काळजी. कोणतं धोरण, कोणतं उल्लंघन, त्याचा कुठं पत्ता नाही.

मी घरभर फिरत भाषण केलं. म्हणालो, हा काय न्याय झाला? कचेरीत शिपायाला निलंबित करायचं तरी कारण द्यावं लागतं, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, तोवर त्याच्या चुलीपुरता भत्ता द्यावा लागतो. इथं ना नोटीस, ना सुनावणी, ना साहेब. भांडायला टेबल तरी पाहिजे. टेबलच नाही, तर माणसानं हात आपटायचा कशावर?

बायको वाती वळत ऐकत होती. दुकान बंद असतानाही ती वळतच होती. ती म्हणाली, "तुमी काय करायचे? लोकांच्या अर्जावर 'त्रुटी आहे' लिहून परत पाठवायचे. कोनती ते कदी लिहिलं का?"

मी म्हणालो, "ते वेगळं."

"काय येगळं? त्या मानसानं तालुक्याला चकरा मारल्या, तुमी घरात माराय लागले. येवढंच."

मी विषय बदलला. म्हणालो, पण आपण केलं काय? पाव्हण्यांनी प्रेमानं तारे दिले. भावना खऱ्या होत्या. यावर तिनं हातातली वात खाली ठेवली. ती वात अर्धवट सोडत नाही, म्हणून मी सावध झालो.

"त्यांच्यातल्या कुनी वात पाहिली होती का?" ती म्हणाली. "मठ्ठा पातळ लिहिलं. नागपूरच्या बाईनं पदरचा पैसा घालून वात घेतली, जाळून बघितली, मंग लिहिलं. तिचा तारा आन् तुमच्या भावाचा तारा येकाच तागडीत? त्यांनी पकडलं त्यात त्यांचं काय चुकलं, सांगा बरं." मग वात परत उचलत म्हणाली, "पन तुमच्यासंगं मला बी बांधून न्हेलं ते चुकलं. मी काय केलं होतं? माझ्या वातीला तर कुनी इचारलंच न्हाई."

मी कंपनीला शिव्या देत होतो, ती कंपनीचा न्यायनिवाडा करत होती. माझ्या बाजूनं निकाल लागला नव्हता, पण कंपनीच्या बाजूनंही पुरता लागला नव्हता.

मुलीला सासरी फोन केला. तिला शहरातल्या नोकरीमुळं यातलं कळतं. ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, बाबा, दुकान दिसत नसलं तरी ज्याचे तारे त्याच्या खात्यात असतात, सगळ्यांना आपापले तारे काढून घ्यायला लावा, आणि मग आईनं साध्या भाषेत खरं लिहावं. मी म्हणालो, काढून घ्यायला लावा म्हणजे? ती म्हणाली, म्हणजे आहेर परत करायचा. हा शब्द तिचाच. आमच्याकडं आहेर परत करणं म्हणजे संबंध तोडणं. अख्ख्या भावकीत ज्यांनी असं केलंय ते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांची पोरं अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत.

तर निघालो मोटारसायकलवर. उन्हाळा सरत आलेला, वाऱ्यानं तोंडात माती. पहिल्या घरी गेलो, चहा झाला, म्हणालो, तुमचे पाच तारे परत घ्या. घरातलं वातावरण एकदम बदललं. चुलतीनं विचारलं, आमच्यात काही कमी पडलं का? लग्नात कुणी काय बोललं का? मी सगळी कहाणी सांगितली. ती त्यांना पटली नाही. त्यांना वाटलं, काहीतरी रुसवा आहे आणि हा कंपनीचं नाव सांगतोय. शेवटी तारे काढले, पण निघताना चुलती म्हणाली, असं रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, आणि तिनं टॉवेल-टोपी दिली. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्याही. तारे काढायचे आणि भरपाई म्हणून टॉवेल-टोपी द्यायची, अशी रीतच पडली. दिवस मावळता मी घरी आलो तेव्हा ज्या आहेराला पत्रिकेवर लाल अक्षरांत नको म्हटलं होतं तो सगळा मोटारसायकलच्या मागं दोरीनं बांधलेला होता. काहींना पासवर्ड आठवत नव्हता, एकाचा मोबाईल विहिरीत पडला होता. त्या विहिरीत माझे पाच तारे अजून असतील.

खरी परीक्षा व्याह्यांकडं होती. मुलीच्या सासरी बाप काय काय मागायला गेलेला मी ऐकलंय, पण दिलेलं परत घ्या म्हणायला गेलेला मीच. व्याही सद्गृहस्थ. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. विहीणबाई आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. "सोयरीक तर व्यवस्थित हाय ना, पाव्हनं?" त्या म्हणाल्या, अगदी हळू आवाजात. मी 'धोरणांचे उल्लंघन' असं काहीतरी बोललो. त्यानं आणखीच बिघडलं. तेवढ्यात मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि सासूला म्हणाली, "आई, काही न्हाई. बाबांनी खोटे तारे गोळा केले आन् पकडले गेले." एका वाक्यात! विहीणबाई आधी माझ्याकडं, मग नवऱ्याकडं पाहत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. आतून हसण्याचा आवाज येत राहिला. व्याह्यांनी तारे काढले. त्यांच्याकडून मला शाल मिळाली.

शेवटी पोखर्णी. मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं. एक तारा म्हणजे सगळ्यांत खालचा, हेही मी या वेळी नीट समजावलं. ते भडकले. "मंग तवाच का न्हाई सांगितलं? चार लोकांत पुकारू दिलं?" मी माफी मागितली. ते नरमले आणि म्हणाले, आता पाच देतो. मी हात जोडले, म्हणालो, मामा, देऊ नका, फक्त काढा. ते म्हणाले, "दिलेला माग घेनारा मी न्हाई. ऱ्हाऊ दे येक." त्यांच्याशी वाद घालणारा अजून जन्मायचा आहे. राहिला एक.

आता बायकोनं अपील लिहिलं. मी बाजूला बसलो होतो, निदान 'महोदय' तरी घाल म्हणत होतो. तिनं घातलं नाही. तिनं लिहिलं :

'दुकान माझं आहे, वाती मी करते. नवऱ्याने मुलीच्या लग्नात पाव्हण्यांकडून तारे घेतले. ते चूक होतं. पाव्हण्यांनी जमले तेवढे काढून घेतलेत. बाकीचे तारे ज्यांनी वाती जाळल्या त्यांचे आहेत, ते पुसू नका. कोल्हापूरच्या बाईंना श्रावणासाठी शब्द दिलाय. खात्री करायची असेल तर मला वात वळताना बघा.'

चौकटीत जागा उरली.

उत्तर लगेच आलं नाही. ते लगेच न येणं हीच मला मोठी सुधारणा वाटली. म्हटलं, कुणीतरी चष्मा पुसतंय. काही दिवसांनी फोन आला, व्हिडिओवर बोलायचंय म्हणून. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मागं भिंतीवर निरोप समारंभातला सत्काराचा फोटो दिसेल अशी खुर्ची मांडली. पडद्यावर एक तरुण मुलगी आली. आधी हिंदीत बोलली, मग आमचं हिंदी ऐकून मराठीत आली. मी सुरुवात केली, "त्याचं असं आहे मॅडम, सेवेत असताना मी..." ती म्हणाली, "सर, तुम्ही जरा बाजूला होता का? मला वाती करणाऱ्या बाईंशी बोलायचंय."

मी सत्काराच्या फोटोसकट बाजूला झालो.

बायकोनं काही भाषण केलं नाही. टोपलं पुढं ओढलं, कापूस घेतला, सरकी काढली, बोटांनी मोकळा केला, विभूती लावली आणि वळायला लागली. त्या मुलीनं विचारलं, विभूती का? बायको म्हणाली, बोट घसरत न्हाई. एक झाली, दुसरी झाली. तिसरीला ती मुलगी म्हणाली, माझी आजी अशीच करायची. मग स्वतःला सावरून म्हणाली, निर्णय माझ्या हातात नाही, मी फक्त लिहून कळवते. म्हणजे तिच्याही वर कुणीतरी होतं. प्रत्येकाच्या वर कुणीतरी असतं, हे मी नोकरीत शिकलो होतो.

आठवडाभरात दुकान उघडलं. बायकोच्या नावानं, दोन आडनावांचं प्रतिज्ञापत्र जोडून. माझ्या मिशांच्या जागी तिचा फोटो आला, पदर सारखा करत असताना काढलेला. नागपूर, नाशिक परत आलं. कोल्हापूरच्या बाईंची मागणीही जशीच्या तशी परत आली, तिथं खाली त्यांनी दोनदा विचारलेलं होतं, 'ताई, आहात ना?' बायकोनं ते मोठ्यानं वाचायला लावलं नाही. स्वतःच वाचलं.

परभणी, जिंतूर, पाथरीकडच्या काही खऱ्या गिऱ्हाइकांचे तारे मात्र गेलेच. यंत्राला वाटलं असावं, या भागातला जो तो आमचा पाव्हणाच. आणि लग्नातल्या त्या सगळ्या अभिप्रायांतून एकच टिकला. यंत्रानं तपासून खरा ठरवलेला एकमेव. मामांचा.

बंद का झालं ते मला कळलं. परत का सुरू झालं ते अजून कळलेलं नाही. बायकोच्या खऱ्या बोलण्यानं, की त्या मुलीच्या आजीमुळं, की कुणाच्या तरी टेबलावर त्या दिवशी काम कमी होतं म्हणून? आणि कधी कधी मनात येतं, आमच्याकडं निदान कबूल करायला माझ्यासारखा गुन्हेगार घरातच होता. ज्यानं काहीच केलेलं नाही आणि तरी ज्याचं दुकान बंद झालंय, त्यानं त्या चौकटीत काय लिहायचं? हा प्रश्न मी बायकोला विचारला. ती म्हणाली, तसल्या मानसासाठी तिथं खरंच कुनी बसायला पाहिजे. मग माझ्याकडं पत्त्यांची चवड सरकवली.

श्रावणाच्या आधी कोल्हापूरचा पहिला डबा गेला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पाकिटात या वेळी बायकोनं एक चिठ्ठी घातली : मध्ये दुकान का बंद होतं, त्याचं कारण. पूर्ण कारण. मी म्हणालो, 'तांत्रिक अडचण' लिही. ती म्हणाली, तांत्रिक अडचन समोरच बसलीय, लोकांना कळू द्या.

टॉवेलांचा उपयोगही झाला. ओल्या हवेत कापूस झाकायला तिला तेच लागत. टोप्या मी आलटून पालटून घालतो.

श्रावण निम्मा सरला असेल. संध्याकाळी मी वाचायला बसलो तर कोल्हापूरच्या बाईंचं आलेलं. 'वाती वेळेवर आल्या, नेम चालू आहे. सगळ्या सारख्या, एकही विझली नाही. चिठ्ठी वाचली. वातींना पाच तारे, पण एक कापला आहे, तो तुमच्या मालकांचा.'

मी चष्मा काढला. म्हणालो, हे काही न्याय्य नाही. वातींचा अभिप्राय वातींपुरता असावा. माझं म्हणणं न ऐकताच तारा कापला, याविरुद्ध अपील करायला हवं.

बायको टोपल्यातून नवा कापूस घेत म्हणाली, "तुमच्या मानानं येकच कापला म्हंजे बाई लय भली हाय."